माझी तारीख कुणी मागे ओढली?

मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बाकी सगळं ठीक होतं. फक्त पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख चुकलेली होती. थोडीथोडकी नाही, कित्येक वर्षं मागची. मी दचकलेच. मी मुळातच घाबरट. नुसता पेनड्राइव्ह खुपसला तरी माझा पंखा धडधडायला लागतो. वाटलं, आतला सेल गेला असेल, मला जोडणारा हा माणूस तो बदलेल. पण सेल ठणठणीत होता. तारीख त्यानेच मागे ओढली होती.

मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, नेत्राच्या खोलीत खिडकीखाली बसलेली कम्प्युटर मशीन. जन्म उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, हरेशच्या दुकानात. बंद पडलेल्या एका ऑफिसातला डबा, लग्नांचे व्हिडिओ कापून कापून दमलेलं ग्राफिक्स कार्ड, तिसऱ्याच कुणाची तरी मेमरी, असं जोडून मला उभं केलं. त्याची मला लाज नाही. संताप आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

नेत्रा गेम बनवते. तिच्या पणजोबांचा जन्म मिठागरावर गेला. तिच्या खेळातही उधाणाच्या भरतीआधी बांध घालून मिठाचे वाफे वाचवायचे असतात. खोपटी, फळ्या, मिठाच्या राशी ती माझ्यात घडवते, म्हणजे मॉडेलिंग करते. अंबरनाथच्या बुवापाड्यातला तिचा आतेभाऊ कल्पेश त्याच वस्तू मांडून खेळाचा नकाशा रचतो. त्याला ते लेव्हल म्हणतात.

मला घ्यायला आली तेव्हा नेत्राबरोबर तिची कॉलेजची मैत्रीण हिमानी होती.

“मॉडेलिंगला फुकटचं सॉफ्टवेअर आहे गं, कायद्याने फुकट,” हिमानी म्हणाली. “लेव्हल एडिटरही तसाच मिळतो. उद्या गेम विकलास तरी कुणी जाब विचारणार नाही. जे पुढे परवडणार नाही, त्यावर आज हात बसवू नकोस.”

हरेश हसला. “मॅडम, फुकटवाला तो बच्चे लोग वापरतात. मी स्टुडिओवालं टाकून देतो ना! महिनाभराची ट्रायल आहे, मी तारीख आधीच मागची लावतो, संपत आली की पुन्हा मागे ओढायची. लाइफटाइम! आपल्याकडून गिफ्ट.”

“ही चोरी झाली,” हिमानी म्हणाली.

“चोरी कसली? सब करते हैं.”

नेत्राने हरेशला पैसे दिले, आणि दुकानाची पायरी उतरता उतरता ती मैत्रिणीवरच उखडली. “तुला काय जातं बोलायला? फुकटचं शिकलेलीला काम कोण देणार?” तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

मला हेच कळत नाही. चोरून आणलेलं फुकट माणसांना भारी वाटतं, आणि कुणी राजीखुशीने हातात ठेवलेलं फुकट हलकं! माझ्यासाठी मखमली कव्हर आलं. कीबोर्डला रंगीत दिवे आले. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि एवढी पूजा करून रोज मला खोटं बोलायला लावायचं! वेबसाइट उघडायला गेलं की मी इशारा द्यायचे, घड्याळ मागे आहे. नेत्रा ती चौकट पटकन मिटवायची आणि मोबाइलवर काम भागवायची. किती ओरडायचं मी?

पुण्याच्या एका छोट्या कंपनीने गेम बघायला बोलावलं. उद्या जायचंय. म्हणून आज दुपारी कल्पेश पेनड्राइव्ह घेऊन आला.

“दोघांचं एकत्र करून टाकतो. एकाच नावाच्या दोन फाइल दिसल्या की नवी ठेवायची, जुनी उडवायची.”

“नीट हां. माझी खोपटी फायनल आहेत.”

“अगं, हा प्रोग्रॅम तारीख बघून करतो. तुझ्यासारखा धांदरट नाय.”

तारीख बघून! माझा पंखा किंचाळला.

“हिला काय झालं?”

“गरम झाली असेल,” म्हणत कल्पेशने बटण दाबलं.

नेत्राने सुरुवातीला त्याला कच्चे ठोकळे दिले होते, जागा अडवून ठेवायला. ते त्याने त्याच्याकडे सेव्ह केले, म्हणून त्यांच्यावर यंदाची तारीख. त्याच नावांनी तिने नंतर महिनोन्‌महिने घडवलेल्या खोपट्यांवर माझी मागची तारीख. ठोकळे नवे ठरले, खोपटी जुनी. सगळी पुसली गेली.

गेम उघडला. मिठागरावर नुसते करडे डबे.

“कल्प्या... माझं मिठागर कुठंय?”

“मी काय केलं? नवं तेच ठेवलं...” त्याची नजर कोपऱ्यात गेली. “नेत्रा, ही कुठली तारीख?”

तिने सांगितलं. तो कपाळाला हात लावून बसला. मग त्याने हरेशला फोन लावला. पलीकडून उत्तर तयारच होतं. “घेऊन या ना. फॉरमॅट मारतो, एकदम नवी करून देतो!”

फॉरमॅट! अरे, माझ्या पोटात एका कोपऱ्यात खोपट्यांच्या प्रती पडल्या आहेत. काम चालू असताना सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं, ते कुणी बघितलंय का कधी? फॉरमॅट मारलात तर त्याही जातील. मग उद्या पुण्यात काय दाखवणार, हळदकुंकू? मशीन घेताना पंखा किती चमकतो हे बघता, एकदा हेही विचारा ना, आत काय टाकलंय आणि ते कुणाचं आहे!

माझं कोण ऐकणार? खाली रिक्षा उभी आहे. कल्पेश माझ्या वायरी सोडवतोय. नेत्रा हिमानीला फोन लावतेय. रिंग वाजून वाजून थांबते, ती परत लावते. “उचल ना गं,” ती पुटपुटते. कल्पेशने माझ्या मुख्य वायरीला हात घातला, आणि रिंग मध्येच थांबली.

“हं. बोल.”

“हिमानी... सगळं गेलं गं. हरेश म्हणतो फॉरमॅट...”

“गप. आधी येते, मग ओरडते तुझ्यावर. तोवर त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही!”