बैलांच्या सात पिढ्या

पितृपंधरवडा लागला आणि कळसच्या मारुतीच्या देवळासमोर चपलांचे ढीग पडू लागले. एरवी शनिवारी तेलाची वाटी घेऊन चार माणसं यायची. आता इंदापूर, भिगवण, पार बारामतीहून जीप भरभरून लोक येत होते. मंडपात टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूची माळ, कीबोर्डावर हळदकुंकू आणि मागे भगव्या झब्ब्यातले वंशानंद महाराज. साल १९९८. गावातल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर फक्त टीव्हीवर पाहिलेला. आधी हात महाराजांना जोडायचे की यंत्राला, हे कळत नसल्यामुळे लोक दोघांनाही जोडत होते.

महाराज म्हणायचे, साऱ्या जगाच्या वंशावळी आता इंटरनेटवर आल्या आहेत. तिथं तीन डब्ल्यू असतात. ते तीन डब्ल्यू म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. गोऱ्यांनी आपापली घराणी त्यात फुकट शोधली, मग आपणच का मागं राहायचं? दर्शनाला पैसा नाही. दोष निघाला तर शांती करावी लागे आणि ती फुकट नव्हती. दोष सगळ्यांच्याच घराण्यात निघत होता.

माणूस पुढं बसला की महाराज त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि थोरल्या भावाचं नाव विचारत. बोटं चालत, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळत, आणि पणजोबा, खापरपणजोबा अशा सात पिढ्यांची नावं उमटत. आजोबाचं नाव बरोबर आलं की माणसाच्या अंगावर काटा यायचा. एखाद्याचं चुकलं तर महाराज मान डोलवून म्हणत, "हे त्यांचं पाळण्यातलं नाव. तुम्हाला ठाऊक नाही, यंत्राला ठाऊक आहे." मग आवाज खाली आणून सांगत, की मागच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीत या घरातली एक बाई पाण्यात गेली आहे. समोरचा माणूस पांढराफटक पडे. घरात दाबून ठेवलेली गोष्ट, ती अमेरिकेतल्या इंटरनेटला कशी कळली?

मी गावातल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवतो. माझे सहकारी, पदव्या घेतलेले, रांगेत उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, सर, हे विज्ञानच आहे की, तुम्हीच ते शिकवता. 

आबासाहेब हे गावातलं वजनदार माणूस. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता बागायती जमीन. ते भावांत थोरले, खरं नाव गेणू, वडील महिपती. यंत्रानं सांगितलं, आजा गेणू, पणजा महिपती, त्याचा बाप पुन्हा गेणू. आबासाहेबांनी यंत्राला दंडवतच घातलं. मग महाराजांनी पाण्यातली बाई काढली आणि एक पाऊल पुढं गेले. ती बाई आता तुमच्या सुनेत आली आहे, म्हणून पाळणा हालत नाही. ही सून घरात आहे तोवर वंश पुढं सरकणार नाही.

सून म्हणजे सारजा. भिगवणची पोर, लग्नाला पाच वर्षं झालेली. नवरा दादासो स्वभावानं वाईट नव्हता, पण बापापुढं त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. सर्वपित्री अमावास्येला शांती करायची, त्याच दिवशी सारजाला माहेरी पोचवायची आणि दिवाळीनंतर दुसरी मुलगी बघायची, असं ठरलं. हे सगळं तिला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. तिनं ते चुलीपाशी ऐकलं.

आबासाहेबांची चुलती फुलाबाई. ऐंशीच्या पुढची, पण जिभेला अजून धार. तीच सारजाला घेऊन माझ्या खोलीवर आली. सारजा रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "गुरुजी, त्या यंत्रात खरंच आमच्या घरची माणसं हायत का?"

रविवारी मी बारामतीला गेलो. बाजारात एका गाळ्यात इंटरनेट नुकतंच सुरू झालं होतं. तासभर बसलो. महाराज एका बाबतीत खोटं बोलले नव्हते. फुकट बघता येतील अशा वंशावळी तिथं खरंच होत्या. लोकांनी चर्चमधल्या जन्माच्या, लग्नाच्या, दफनाच्या जुन्या नोंदी बसून उतरवलेल्या, बोटीनं परदेशी गेलेल्यांची नावं जमवलेली. काम मोठं चिकाटीचं होतं आणि मला त्या अनोळखी माणसांचा हेवा वाटला. पण ती सगळी इंग्लंड-अमेरिकेची घराणी. कळसचं एक कोकरूसुद्धा त्यात नव्हतं.

मग नावं येत होती कुठून? एसटीत माझ्यापुढच्या बाकावर एक बाई आपल्या लेकाला "मामंजी" म्हणून हाक मारत होती. पोराला सासऱ्याचं नाव ठेवलेलं, ते तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून मामंजी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याकडं आजा गेला की त्याचं नाव थोरल्या नातवाला. म्हणजे बापाचं आणि थोरल्या भावाचं नाव कळलं की झालं. तीच दोन नावं आलटून पालटून लिहीत जायची, पार शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत. आजोबा बरोबर निघतो, आणि त्याच्या मागचं कुणाला आठवत असतं?

मी हे सारजाला आणि फुलाबाईला सांगितलं. पण गाव माझं ऐकणार नव्हतं; मी बाहेरचा, त्यात देव न मानणारा.  सारजा म्हणाली, "अमुशेला मी माज्या माहेरचं इचारते. तुमी फकस्त तितं उभं ऱ्हावा."

अमावास्येला मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. शांतीचं सामान मांडलेलं, तिकडं घरी सारजाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. तिनं पदर सावरला आणि महाराजांपुढं बसली. म्हणाली, जाते तर आहेच, जाताना माझ्या माहेरचाही वंश बघा. महाराज प्रसन्न झाले. वडील? परसू. थोरला भाऊ? माणिक.

मी दादासोकडं बघत होतो. त्याचे कान लाल झाले होते. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडं पाहिलं, पण महाराजांची बोटं चालू झाली होती आणि मध्ये बोलायची कुणाची छाती नव्हती. अक्षरं पळाली. आजा माणिक, पणजा परसू, मग माणिक, मग परसू. सात पिढ्या भरल्या. महाराजांनी डोळे मिटले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, याही घराण्यात चौथ्या पिढीत एक बाई पाण्यात गेलेली दिसते.

सारजा उठून उभी राहिली. लोकांकडं वळून शांतपणे म्हणाली, "परसू आन् माणिक आमच्या गोठ्यात बांधल्यात. कालच मी त्यास्नी पेंड घातली. बैल हायत ते."

आधी कोपऱ्यातून कुणीतरी हसलं, मग सगळा मंडप. महाराज ओरडले, ही बाई यंत्राची विटंबना करते आहे. मी पुढं झालो आणि टेबलाखालून गेलेली टेलिफोनची वायर ओढली. ती सगळीच्या सगळी हातात आली. दुसरं टोक टेबलाच्या पायाला गुंडाळलेलं होतं. खणकामात केबल तुटल्यानं आठवडाभर गावातला एकही फोन लागत नव्हता, हे प्रत्येकाला माहीत होतं, तरी एकाच्याही मनात शंका आली नव्हती. मग मी दोन नावांचा हिशेब सगळ्यांना समजावून सांगितला. माझ्या पदवीधर सहकाऱ्यांनी अशी मान हलवली, जशी काही ही गोष्ट त्यांच्या मनात पहिल्यापासून होती.

पण एक जण अडला. म्हणाला, नावांचं कळलं, गुरुजी. पाण्यातल्या बाईचं त्याला कसं कळलं? आमच्या घरची तर खरीच गेलेली. "आमच्याबी," दुसरा म्हणाला. 

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते दिलं फुलाबाईनं. खांबाला टेकून बसली होती, तिथूनच बोलली. "त्याला यंत्र कशाला लागतंय? असं एक घर दावा, ज्यातली बाई हिरीत गेली न्हाय. समद्यांच्याच घरात हाय." मग ती पुतण्याकडं वळली. "आबा, तुज्या घरची म्हाळसा. माज्या सासूच्या आधीची, तुज्या आज्याची पयली बायकू. तिलाबी पोर न्हवतं. दुसरी आणायची ठरली, त्याच रातीला गेली. त्या बाबाला तिचं नाव तरी म्हायती हुतं का?"

 आबासाहेबांच्याच आज्याच्या घरात जे घडलं, तेच ते पुन्हा मांडत होते, आणि दोष मात्र मेलेल्या बाईचा.

इथं गोष्ट संपती तर मला बरं वाटलं असतं. महाराज त्याच दुपारी यंत्र टेंपोत घालून पसार झाले आणि महिन्याभरात दुसऱ्या तालुक्यात तसलाच मंडप लागल्याचं कानावर आलं. आबासाहेबांनी कॉम्प्युटर खोटा मानला, पण बेत सोडला नाही. मला म्हणाले, यंत्र खोटं निघालं, पण पाळणा तर रिकामाच हाय. नवराबायको दोघांनाही डॉक्टरकडं न्या, असं मी हात जोडून सांगितलं. गड्याला कशाला तपासायचं, असं उत्तर आलं. वळूकडून गाई गाभण राहत नसतील तर वळू बदलायची अक्कल ज्या गावाला आहे, त्या गावाचं हे उत्तर. मला तेव्हा संताप आला होता आणि अजूनही येतो.

सारजा गेली. कुणी पोचवायची वाट न बघता, दाराशी ठेवलेली ती भरलेली पिशवी तिनंच उचलली आणि भिगवणची एसटी धरली. फुलाबाई तिला फाट्यापर्यंत सोडायला गेली. मीही गेलो. गाडी दिसली तसं सारजानं मला विचारलं, "गुरुजी, तुमी कधी लिवलं, तर म्हाळसाचं नाव लिवाल का?" मी हो म्हणालो. पुढच्या वर्षी दादासोचं दुसरं लग्न झालं. त्या लग्नालाही वर्ष होत आलं, त्या घरात अजून पाळणा नाही, आणि नव्या सुनेकडं लोक कसे बघतात ते मी येताजाता पाहतो. तिच्यासाठी मला भीती वाटते.

म्हणून सांगतो. घराण्याचा शोध जरूर घ्या. म्हाताऱ्या माणसांना विचारा, कचेरीत जा, उद्या गावोगाव इंटरनेट येईल तेव्हा त्यातही शोधा. पण कुणी डोळे मिटून सांगू लागला की तुमच्या घरातली बाई पाण्यात गेली, तर त्याचे पाय धरू नका. हे त्याला कसं कळलं, ते त्याला विचारा. आणि मग घरी येऊन, दार न लावता, आपल्या माणसांना विचारा की तिचं नाव काय होतं आणि ती का गेली.