वरून ओतलेलं पाणी

टायफूननं ताईतुंग शहराचे विजेचे खांब आडवे केले, त्याला आज तिसरा दिवस. शुमिन हॉलमधल्या काचेच्या टाकीपाशी स्टुलावर बसून मगानं पाणी उचलत होती आणि हातभर उंचीवरून परत ओतत होती. पंप बंद असला की हवा अशीच मिसळावी लागते, एवढं तिला ठाऊक होतं. टाकीत एकच मासा उरला होता, ताटलीसारखा चपटा, निळा डिस्कस. बाकीचे चार पहिल्याच दिवशी गेले.

मासे तिच्या नवऱ्याचे, पोत्सुंगचे. तो मार्चमध्ये गेला. त्याच्या हातून वाढलेलं आणि अजून श्वास घेणारं असं घरात आता दोघंच होती, सहा वर्षांची लेक यिनशी आणि हा.

सासूबाईंना मात्र टाकी डोळ्यांसमोर नको असायची. घरावर येणारं संकट पाळलेला मासा स्वतःवर घेतो आणि मरतो, हे तर सगळेच मानतात. पोत्सुंग आजारी पडल्यापासून त्या रोज सकाळी टाकीसमोर उभं राहून मासे मोजायच्या. पाच. दुसऱ्या दिवशीही पाच. तो गेला त्या सकाळीही पाच. "आयतं खाऊन माजलेत मेले," एवढंच म्हणाल्या, आणि तेव्हापासून टाकीकडे पाठ करूनच जेवायला बसत होत्या.

म्हणून काल दुपारी डुलकीतून जागी झाल्यावर शुमिनला आपण स्वप्नात आहोत असंच वाटलं. सासूबाई सूपाच्या डावानं टाकीत पाणी ओतत होत्या.

"बघतेस काय? हा मेला तर तू रडत बसशील, मग मला पेज कोण देणार?"

त्यानंतर दोघी पाळीपाळीनं बसल्या. यिनशीलाही तिचा छोटा कप मिळाला.

आज चारच्या सुमारास फ्रीज गुरगुरला. शेजारी टाळ्या पडल्या, यिनशी पलंगावर उड्या मारायला लागली. शुमिननं धावत जाऊन फिल्टरचं बटण दाबलं.

नळीतून तपकिरी पाण्याचा लोट आला, आणि मागोमाग कुजक्या अंड्यांचा वास.

तेव्हा आठवलं. फिल्टरच्या बंद डब्यात अडकलेलं पाणी सडून विष होतं. आधी डबा धुवायचा, मगच चालू करायचा. पोत्सुंगनं कितीदा सांगितलं होतं. यिनशी तेव्हा अंगावर प्यायची, आणि शुमिन तिच्या टाळूवरून हात फिरवत नुसतं हो रे, कळलं, म्हणायची.

तिनं बटण बंद केलं, मासा बादलीतल्या चांगल्या पाण्यात घेतला, आणि ओतत राहिली. मासा एका अंगावर कलला. ती ओततच राहिली. अर्ध्या तासानं सासूबाईंनी तिच्या हातातून मग काढून घेतला.

"आई, माझ्या हातून गेला."

यिनशी दोघींच्या मधे घुसली. "आजी, यानं कुणाचं संकट घेतलं?"

सासूबाईंनी मासा ओंजळीत उचलला. अंगठ्यानं त्याच्या डोळ्यावरचं पाणी निपटलं.

"उशीर केलास रे," त्या त्याला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या जेवायला बसल्या, ते रिकाम्या टाकीकडे तोंड करून.