रिकाम्या पेटीचा कौल

शवपेटी उजवीकडे बोटभर कलली होती. आत काही नव्हतं. झाकण मी स्वतः उघडून पाहिलं होतं. तरी ती डोक्यावर घेतलेल्या, गावातल्या दोबीच्या मानेवरची शीर टरारून फुगली होती.

पेटी सिनेमाची होती. माझा मावसभाऊ वेन्सली ॲमस्टरडॅमहून सुरीनाममध्ये आला तो तिकडे वारलेल्या आईवर सिनेमा करायला, आणि तिचे केस नि नखं घेऊन. आमच्यातलं, म्हणजे पळून रानात वसलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशातलं, माणूस परमुलखात मेलं तर तेवढं तरी गावच्या मातीत पुरतात. नाही पुरलं, तर ते घराण्याच्या मागे लागतं. पुरायची परवानगी द्यायची असिपेई मामांनी. ते गावचे कप्तान, म्हणजे मुखिया, आणि मावशीचे सख्खे भाऊ. पण मावशीनं लग्न केलं होतं धरणाच्या गोऱ्या इंजिनियरशी, आणि त्याच धरणानं आमचं जुनं गाव बुडवलं. तेव्हापासून मामांनी तिचं नाव घेणं टाकलं होतं. वेन्सलीनं विचारलं की म्हणायचे, "बघू." पावसाळा उलटला, तरी "बघू"च.

त्या दिवशी प्रेताला कौल लावायचा प्रसंग चित्रित करायचा होता. दोघं जण पेटी डोक्यावर घेतात, वडीलधारे प्रश्न विचारतात. पेटी पुढे आली तर हो, मागे सरली तर नाही.

"रिकामी पेटी गावातून फिरवू नका रे," मामी म्हणाल्या होत्या. "ती माणूस मागते."

"मामी, हिच्यात मावायला तुम्हाला आधी बारीक व्हावं लागेल," दोबी म्हणाला, तेव्हा सगळे हसले होते.

आता तो हसत नव्हता.

"दोबी, डावीकडे वळ!" वेन्सली कॅमेऱ्यामागून ओरडला.

"मी कुठं चालतोय? हीच ओढतेय!"

पेटी मामांच्या अंगणात शिरली आणि दाराच्या खांबावर आदळली. एकाचा तोल गेला की दुसऱ्याला धक्का बसतो, मी मनात मांडलं. मी धरणाच्या सरोवराचं पाणी तपासते, रसायनशास्त्र शिकले आहे. कारण शोधायची सवय आहे. मग मागच्या माणसाचे पाय पाहिले. तो टाचा रोवून पेटी मागे खेचत होता. वाळूत दोन चर उमटले होते.

मामा उठले. "कॅमेरा खाली ठेव, गोऱ्याच्या पोरा."

"तिकडे मला कुणी गोरा म्हणत नाही, मामा. तिकडे मी काळा. इथं आलो की गोरा." वेन्सलीनं कॅमेरा जमिनीवर ठेवला. "आईनं कुठं जायचं, तेवढं सांगा."

पेटी मागे सरली, पुन्हा आली आणि मामांच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबली. मामींनी त्यांचा हात घट्ट धरला. अंगणात कोंबडीसुद्धा हलत नव्हती.

मामांनी पूर्वजांसाठी जमिनीवर रम ओतली. बरीचशी त्यांच्याच पायावर सांडली.

"अफिबा," ते म्हणाले. बहिणीचं नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. "तूच आहेस?"

पेटी पुढे आली. फळी त्यांच्या छातीला टेकली.

"मला न्यायला आलीस?"

पेटी जागची हलली नाही. पुढेही नाही, मागेही नाही. दोबी रडायला लागला होता.

मामांनी वेन्सलीकडे पाहिलं. "केस आण," ते म्हणाले. "आत्ता आण, हिच्यात दुसरं कुणी जायच्या आत. ती आमची आहे. इथंच पुरायची."