मंगळावरचं मिठागर

“…आनि म्हने मंगळावर मिठागर हाय, बांधासकट! आनि त्याचा मालक तर आपल्याच—”

एवढं बोलून शेजारची हौसाबाई रिक्षात बसली आणि रिक्षा निघून गेली. पुढचं काही मला ऐकू आलं नाही. असा जीव तळमळला म्हणून सांगू! कारण विषय माझाच चालला होता. मी मंगळाचा फोटो बोलतोय. तेव्हा मी कामोठे गावच्या नाक्यावर, दोन खांबांना सुतळीने बांधलेला होतो.

माझं जन्मगाव लांब. मंगळाभोवती घिरट्या घालणाऱ्या एका यानाच्या कॅमेऱ्यात मी जन्मलो. जन्मतः अगदी साधा होतो. करडी जमीन, मधे मधे फिकट डाग, बस. यानवाल्या संस्थेने मला चारचौघांनी बघावं म्हणून ठेवलं आणि तिथून कुणीतरी मला उचललं.

मग माझी जी दशा झाली! एकाने ताणलं, दुसऱ्याने गडद केलं, तिसऱ्याने ‘स्पष्ट’ केलं. नवरीला चार मावश्या एकाच वेळी पावडर लावतात ना, तसं. ताणता ताणता माझ्या अंगावर सरळ रेघा उमटल्या, चौकोन पडले. मग कुणी लाल बाण काढून खाली लिहिलं, ‘मंगळावर शहर! या भिंती बघा! आपल्यापासून लपवलंय!’ आता मी तर सगळ्यांसमोर उघडाच पडलो होतो. पण फोटोला कोण विचारतो?

असा फिरत फिरत मी काशीराम आजोबांच्या फोनात येऊन पडलो. आजोबांचा जन्म मिठागरात गेलेला. चष्मा पुसून त्यांनी मला नीट बघितलं.

“शहर नाय, डोंबल हाय! रंभा, बग गो. ही मिठागरा हायेत. ह्यो बांध, ह्ये वाफे.”

रंभाआजी कोळंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमाला चंद्र दाखवला तरी त्यात मिठाची गोन दिसंल.”

माणसांचं हे मी पुष्कळदा पाहिलंय. फोटोत ती आपलं हरवलेलंच शोधतात. आजोबांच्या मिठागरावर आता उंच बिल्डिंगी आहेत. आणि मिठागराच्या आधी त्यांचा भाऊ हरवला होता. महादेव, धाकटा. भरतीचं पाणी आत घ्यायचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ती एकदा उघडी राहिली आणि तयार मीठ विरघळून गेलं. कोणी उघडी ठेवली? हा म्हणे तू, तो म्हणे तू. पुढे मिठागरही गेलं, भांडण राहिलं. महादेव भांडणाच्या दिवशीच बेलपाड्याला जाऊन राहिला तो राहिलाच.

आजोबा रोज फोनात महादेवचं नाव उघडायचे, मला त्याच्या दारापर्यंत न्यायचे आणि पाठवायचं बटण न दाबताच फोन उशाखाली ठेवायचे. मी आपला मधल्या मध्ये लटकलेला.

आजोबांच्या नातवाचं, परेशचं, पळस्पे फाट्याला बॅनर छापायचं दुकान. आजोबांना पंच्याहत्तर वर्षं झाली. आता आमच्या पनवेलकडे बॅनरशिवाय वाढदिवस होतो का? गॉगल पाहिजे, कानाला फोन पाहिजे. पण आजोबा म्हणाले, “माजा थोबाडा नको. मंगळ लाव.” परेशने मला भिंतीएवढा केला. रेघा तर खऱ्या बांधासारख्या जाड झाल्या! आणि खाली शुभेच्छुकांत त्याने पहिलं नाव टाकलं, ‘महादेव, धाकटा भाऊ’. कुणालाही न विचारता.

बातमी बेलपाड्यापर्यंत गेली आणि दुसऱ्याच सकाळी माझ्याखाली रिक्षा थांबली. महादेव उतरला तो ओरडतच.

“माज्या नावानं शुभेच्छा कोनी दिल्या? मी तर दिल्या नाय!”

नाक्यावरच्या घरातून आजोबा बाहेर आले. दोघं समोरासमोर उभे. वर मी वाऱ्यावर फडफडलो. मग महादेवची नजर वर माझ्याकडे गेली.

“आनि ही उघाडी डाव्या अंगाला कशी, दादूस? भरती तिकडनं येल का?”

“मंगळावर तुला रं भरती कोनी सांगितली?”

“मग तुला मिठागर कोनी सांगितला?”

झालं! बघता बघता माणसं जमली, खुर्च्या आल्या. रंभाआजी चहा घेऊन आल्या. “भांडा, पन बसून भांडा.”

तेवढ्यात परेशची बहीण कोमल आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने माझा मूळ, बाळपणीचा चेहरा शोधून सगळ्यांना दाखवला. लाजून मेलो मी!

“आजोबा, फोटो ताणल्यामुळे या रेघा आल्यात. मंगळावर बांधबिंध काही नाहीये.”

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. महादेवने चपला शोधायला घेतल्या. “मग मी कशापाय आलो?”

“थांबा हो, धाकले आजोबा. हे फिकट डाग आहेत ना, मंगळावर अशा कितीतरी ठिकाणी मीठ सापडलंय. फार जुन्या पाण्याचं.”

महादेवचा एक पाय चपलेत, एक बाहेर.

“मीठ हाय? आनि बांध नाय?”

“नाही,” कोमल म्हणाली.

“मंग बांध घालाया मानूस लागंल.”

“तू बांध घाल,” आजोबा हळूच म्हणाले, “उघाडी मी बघतो.”

“तू? मंग राह्यला मीठ!” महादेव म्हणाला आणि पाय चपलेतून काढून घरात गेला. रंभाआजींनी भाकऱ्या आधीच वाढायला घेतल्या होत्या.

वाढदिवस झाला. आता मी गच्चीवर उताणा पडलेला असतो आणि माझ्यावर कोळंबीसारखा बारीक जवळा वाळत घालतात. कुठे मंगळ, कुठे जवळा! वास लागला, पण गच्चीवरून सगळ्यांच्या घरात डोकावता येतं, ते एक बरं. एक विनंती मात्र आहे. कुणाचाही फोटो उगाच ताणू नका, त्यात नसलेलंच दिसायला लागतं. रुसलेल्या भावाला बोलवायचं असेल, तर ती गोष्ट वेगळी.

काल हौसाबाई जवळा मागायला वर आली. “खरा काय गो, रंभा? मंगळावरच्या मिठागराचा मालक तुमचा काशीराम?”

“बांध खोटे, मीठ खरं,” आजी म्हणाल्या. खालून दोन म्हाताऱ्यांचा आवाज चढला होता. “आनि मालक अजून ठरायचा हाय.”