काचेला चिकटलेला चेहरा

साळूबाईंनी पिशवीतून फ्रेम काढली आणि पहिल्या नजरेतच मला कळलं, चूक माझी आहे.

महाडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी फोटो छापते, फ्रेम करून देते. माझी देवश्री दीड वर्षाची. ती झोळीत झोपली की माझं दुकान उघडतं. साळूबाई पोलादपूरकडच्या कुडपण गावच्या. त्यांचे यजमान सयाजी दिवाळीनंतर गेले, तेव्हा तेराव्यासाठी त्यांचा फोटो मीच करून दिला होता. पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातून एकट्यांना वेगळं काढलेलं, हसताना.

आता त्या हसण्यावर ओलसर, चकचकीत चट्टे आले होते. कागद काचेला चिकटला होता.

"मी रोज पुसते ना त्येंना," साळूबाई म्हणाल्या. "वल्या फडक्यानं. त्यानंच ग्येला असंल. हर्षद बोलला बी, आये, तूच बाबाला पुसून टाकलंस. सूनबाय खुदकन हसली."

हर्षद त्यांचा मुलगा, मुंबईला असतो.

शाईच्या प्रिंटरचा फोटो दिवसभर उघडा वाळवायचा, मग त्यावर वार्निशचा फवारा मारायचा, आणि काचेच्या आत जाड पुठ्ठ्याची चौकट, माउंट, घालायची, म्हणजे कागद काचेला टेकत नाही. हे मला पाठ आहे. पण त्या दिवशी देवश्री तापाने फणफणली होती. ती कडेवरून उतरेना. मी दुपारी छापलेला फोटो संध्याकाळी तसाच काचेखाली दाबून दिला होता.

"पाणी लागू द्यायचं नसतं, काकी," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "फोटो म्हणजे काय भांडं आहे का, रोज धुवायला?"

साळूबाई ओशाळल्या. "आमाला काय कळतंय गो. दुसरा कर. सोमवारी येते."

त्या गेल्यावर फ्रेम उघडली. मागचा पुठ्ठा कोरडा, कडेची पट्टी कोरडी. पाण्याचा थेंबही आत गेला नव्हता. कागद हळूच ओढला, तर सयाजींचा एक डोळा काचेवरच राहिला.

नवा फोटो मी दोन दिवस वाळवला. दोनदा फवारा मारला. माउंटला चारी बाजूंनी न चिकटवता वरच्या कडेला दोनच कागदी पट्ट्यांनी टांगला, म्हणजे हवेने फुगला तरी सुरकुती पडू नये. तेवढ्यात देवश्री जेवता जेवता उठून आली आणि वरणाने माखलेला हात पुढे केला.

"हात नको लावूस!" मी ओरडले.

तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उचलून घेतलं, तळव्यांचे पापे घेतले, तरी ती मुठी सोडेना.

सोमवारी साळूबाई आल्या. फ्रेम बघून त्यांचे डोळे भरले. मी ती पुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतले.

"तूच पिशवीत घाल, बाय. मी आता शिवनार नाय त्येंना. लांबूनच बघीन."

"काकी, तुमच्या पुसण्याने काही झालेलं नाही. मी ओला फोटो काचेला दाबला होता. तुम्ही फ्रेम घेऊन आलात तेव्हाच मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

"तिकडं मी म्हयनाभर रडत्येय," त्या म्हणाल्या, "आनि तू मला भांडी सांगत होतीस?"

"चुकलं माझं."

"मला काय सांगतेस? हर्षदला फोन लाव. मोठ्यानं ठेव, मला आयकू दे."

नंबर त्यांनीच सांगितला. मी कोण, काय केलं, काय लपवलं, सगळं सांगितलं. पलीकडून हर्षद म्हणाला, "आये, मी आपलं गमतीत बोललो होतो गं."

"मला नको सांगू," साळूबाई म्हणाल्या. "बायकोपुढं बोललास ना, मग तिला सांग."

फ्रेम त्यांनी स्वतःच उचलली, पदरात धरली. माझ्याकडे एकदाही न बघता त्या पोलादपूरच्या एसटीला निघाल्या. फोन चालूच होता. हर्षद मला विचारत होता, "आई गेली का?"