सभापतींचं वजन

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण काटा जन्मात खोटं बोलत न्हाई!" देविदास राठोडांनी तांड्यावरच्या आपल्या अंगणात छाती काढून जाहीर केलं. श्रोता एकच होता, आणि तो पाठ फिरवून शेपूट चाटत होता.

श्रोत्याचं नाव सभापती. जवळा बाजारच्या आडतीत हा बेवारस बोका दिवसभर सोयाबीनच्या पोत्यांवर बाजार समितीच्या सभापतींच्या थाटात लोळायचा, म्हणून हे नाव. देविदास तिथे तीस वर्षं पोती तोलणारे मापाडी. निवृत्तीचा नारळ घेऊन निघाले, तर बोका त्यांच्या आधी ऑटोत जाऊन बसलेला. तेव्हापासून घरचाच. इतका घरचा, की जनावरांच्या डॉक्टर प्रियंकाताईंनी दिवाळीत बजावलं, "सहा किलो फार झालं. दीड किलो उतरवा, नाहीतर हा फार दिवस काढणार नाही."

देविदासांनी बोका उराशी धरला. बोलायला बायको मिराबाई होत्या, पण त्यांचं ऐकून घेणारं घरात हे एकच होतं.

दूध-भाकर अर्धी झाली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी देविदास बोक्याला कडेवर घेऊन आडतीतल्या पोत्यांच्या काट्यावर उभे राहायचे आणि स्वतःचे अडुसष्ट किलो वजा करायचे. पुढच्या महिन्यात बोका साडेसहा. त्याच्या पुढच्या महिन्यात सात!

"कोणीतरी चोरून चारून राहिलं."

"मी न्हाई," मिराबाई म्हणाल्या.

"तुझं नाव कुठं घेतलं? काहून दचकलीस?"

त्यांनी बोक्याच्या तोंडाचा वास घेतला. दारात राख पसरली. राखेत पाऊल उमटलं ते मिराबाईंचं, आणि मग शिव्याही त्यांच्याच. शेवटी बोक्याच्या पंजाला बकरीचा एक केस सापडला. बकरी होती शेजारच्या नामाजीकडे!

"नामाजी, बकरीचं दूध कोणाला पाजतोस?"

"पिलांना."

"कोणाच्या?"

"बकरीच्या! मापाड्या, डोळे हायेत का? तुझ्या बोक्याच्या बरगड्या दिसून राहिल्या."

"डोळ्यांवर इसवास ठेवला असता तर बाजारात तीस वर्षं टिकलो नसतो."

नामाजीशी बोलणं बंद झालं. भाकर आणखी अर्धी झाली. आठवड्याभरात सभापतींनी ओरडणंही सोडलं, तेव्हा मात्र देविदास घाबरले. बोका टोपलीत घालून, मिराबाईंना घेऊन, तडक दवाखान्यात.

डॉक्टरांनी बोका एकटाच काट्यावर ठेवला. साडेचार.

"उतरलंय बरोबर. पण आता पोटभर द्या, नाहीतर जाईल हा."

"साडेचार? माझ्या हिशेबानं सात हाय!"

डॉक्टरांनी मापायची रीत ऐकून घेतली. "स्वतःचं वजन कधी केलं होतं?"

"दिवाळीत."

"मग दर वेळी करायचं ना!"

देविदास ताठ झाले. "ताई, रिकाम्या पोत्याचा बारदाना हंगामात एकदाच मापतात. दर पोत्याला कोण मापतं?"

"तुम्ही पोतं नाही. चढा."

काटा साडेसत्तरवर थांबला.

"मांजराची कमी केलेली भाकर वाया जाऊ नये म्हणून कोण खायचं," मिराबाईंनी विचारलं, "ते मी सांगू का तुमी सांगता?"

परतताना देविदास नामाजीच्या कुडाशी बराच वेळ खाकरत उभे राहिले. नामाजीनं लोटाभर दूध दिलं. "मांजरासाठी हाय," त्यानं दोनदा सांगितलं.

संध्याकाळी सभापतींपुढे थाळी आली, काठोकाठ. देविदासांपुढे मिराबाईंनी सभापतींची ताटली सरकवली. तिच्यात पाव भाकर. बोक्यानं घास थांबवून त्यांच्याकडे संशयानं पाहिलं.

"मिरा," देविदास हळूच म्हणाले, "निदान घासून तरी दे."