मेट्रनचं वजन

मांजरीला डब्यातला मासा चालतो का, यावर आमच्या घरात एक अख्खा रविवार खर्ची पडला. तोच मासा मला चालतो का, हा प्रश्न दीड वर्षात कुणाला पडला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा आवाज का चढलाय ते कळेल.

चौतीस वर्षं मी नर्स होते, त्यातली शेवटची बारा हृदयविकाराच्या वॉर्डात. आता मुलगा आणि सून यांच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. दोघं सकाळी आठला बाहेर पडतात, ते संध्याकाळी सातला उगवतात. दुपारी घरात मी आणि मांजर. तिचं नाव मी मेट्रन ठेवलं, कारण ती दिवसातून तीनदा सगळ्या पलंगांची पाहणी करते आणि तिला कुणाचंच काम पसंत पडत नाही.

दीड वर्षापूर्वी माझ्या हातून दूध उतू गेलं, गॅस विझला आणि घरभर वास सुटला. तेव्हापासून मला शेगडीची बंदी झाली. सून मनाने वाईट नाही. आईंना त्रास नको म्हणून तिने माशाचे डबे आणायला सुरुवात केली. कडी ओढली की डबा उघडतो, पावाबरोबर खाता येतो. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत मी रोज दुपारी एक डबा उघडत गेले, अर्धा मला आणि अर्धा मेट्रनला. मला ब्लडप्रेशर आहे. डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करा म्हणून बजावलं, तेव्हा मुलगा शेजारच्याच खुर्चीत बसून मान डोलावत होता.

तर त्या रविवारी मेट्रनने नव्या सोफ्यावर ओकारी काढली. चौकशी बसली. मी तिला डब्यातला मासा देते हे उघड झालं. मुलाने मोबाइलचा उजेड पाडून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि मिठाचा आकडा दोनदा मोठ्याने म्हणून दाखवला. सुनेने तिच्या मोबाइलवर शोधलं: खाऱ्या पाण्यातला वाईट, तेलातला वाईट, टोमॅटोच्या रश्श्यातला तर सगळ्यात वाईट, कारण त्यातला कांदा-लसूण मांजरांना विषासारखा. मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. आदल्या दिवशीचा अर्धा डबा वाया जाऊ नये म्हणून तो माझ्या ताटात होता, आणि घास तोंडात होता.

"आई, किडन्या जातील अशाने तिच्या," मुलगा म्हणाला. "तू नर्स होतीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडात घास होता, आणि तो गिळेपर्यंत दोघं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून बसलेसुद्धा.

बाई शहाण्या वाटल्या. घाबरू नका म्हणाल्या. आठवडाभर डबा पूर्ण बंद, फक्त उकडलेली कोंबडी, मीठ न घालता. मांजर पाणी किती पिते, काय खाते ते लिहून ठेवा आणि रोज वजन करा. मांजर काट्यावर उभी राहत नाही. म्हणून तिला कडेवर घेऊन आपण काट्यावर उभं राहायचं, मग तिला खाली ठेवून पुन्हा एकट्याने उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. शनिवारी मांजर आणि कागद दोन्ही घेऊन या.

हे काम अर्थातच माझ्याकडे आलं. कपाटात अजून अकरा डबे होते. त्यांचं काय करायचं, असं सुनेने विचारलं.

"वाया कशाला घालवायचे?" मुलगा म्हणाला. "आई संपवेल."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

सोमवारपासून सून सकाळी लवकर उठून मेट्रनसाठी कोंबडी उकडायला लागली. बिनमिठाची, हाडं काढून, बारीक तुकडे करून. मी माझा डबा उघडायची. आधी अर्ध्याची वाटेकरीण होती, आता अख्खा माझ्याच पोटात. मी पट्टीने रेघा मारून तक्ता आखला, वॉर्डात आखायचे तसा. वजनाचे तीन रकाने केले: मांजरीसह, मांजरीशिवाय, मेट्रन. सोमवारी पासष्ट पॉइंट पाच, एकसष्ट पॉइंट चार, चार पॉइंट एक. तक्ता फ्रिजला चिकटवला.

रोज संध्याकाळी मुलगा आल्या आल्या फ्रिजपाशी जायचा. बोट पहिल्या दोन रकान्यांवरून घसरत तिसऱ्यावर यायचं. "चार पॉइंट एक. छान," म्हणायचा आणि कपडे बदलायला जायचा. ऑफिसातल्या मित्रांनाही फोनवर तोच आकडा सांगायचा, जसा काही मेट्रनचा दहावीचा निकाल लागलाय. मधला रकाना रोज वाढत होता. मंगळवारी एकसष्ट पॉइंट नऊ. बुधवारी बासष्ट पॉइंट पाच. बुधवारीच माझ्या चपला पायात जाईनात, म्हणून मी मुलाच्या जुन्या चपला घातल्या. त्या त्याने घरभर शोधल्या, माझ्या पायात पाहिल्या आणि म्हणाला, "असू दे, वापर तू." पायांकडे पाहिलं त्याने, चपलाही पाहिल्या. पाय सुजलेत, ते पाहिलं नाही.

गुरुवारी झोपताना मला एकाऐवजी तीन उशा लागल्या. आडवं झालं की धाप लागत होती.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला तर सगळं कळत होतं, मग बोलला का नाहीत? कळत होतं. हृदयाचा पंप दमला की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, वजन चढतं, उशा वाढतात. हे मी शिकाऊ मुलींना बारा वर्षं शिकवलं. पण वॉर्डात मी कधी पेशंटच्या हाकेची वाट पाहिली नाही. तक्त्यावर आकडा हलला की मीच जाऊन विचारायची. इथे आकडा फ्रिजवर होता, माझ्याच अक्षरात, घरातल्या सगळ्यांच्या नाकासमोर. आता काय भीक मागू? मूर्खपणा होता माझा, मान्य आहे. रागाच्या भरात माणूस स्वतःचंच नाक कापून घेतो. तरी मी बोलले नाही, रोज काट्यावर उभी राहिले आणि खरा आकडा लिहिला.

शनिवारी सकाळी शेवटची नोंद केली: अडुसष्ट पॉइंट तीन, चौसष्ट पॉइंट दोन, चार पॉइंट एक. मुलगा मेट्रनला पिंजऱ्यात घालून, तक्ता घडी करून घेऊन गेला. मी म्हटलं, येईल आता मांजरीची तब्येत सांगत. काय काय ऐकवायचं ते मनात जुळवून ठेवलं. शेगडी, डबे, "आई संपवेल", सगळं ओळीने.

तो तासाभराने आला. पिंजरा दारातच ठेवला. मेट्रन आतून ओरडत होती, तिला बाहेर काढायचंही त्याला सुचलं नाही. सून विचारायला लागली, तर म्हणाला, मांजर ठणठणीत आहे, साधा पाण्यातला मासा, खारं पाणी काढून, धुऊन, आठवड्यातून एखाद वेळी चमचाभर चालेल. हे सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं. मग त्याने तक्ता टेबलावर पसरला. डॉक्टरीणबाईंनी लाल पेनाने खूण केली होती. तिसऱ्या रकान्याला नाही, मधल्या.

"त्यांनी विचारलं, मांजरीला धरून काट्यावर कोण उभं राहतं," तो म्हणाला. "मग विचारलं, त्या काय खातात. मी सांगितलं. तेव्हा त्यांनी पेन उचललं."

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. त्याचीच जुनी चप्पल माझ्या पायातून काढली आणि नडगीवर अंगठा दाबला. सूज अशी बघतात, हे त्याला मीच दाखवलं होतं. शाळेत असताना, एकदा माझी ड्युटी संपायची वाट बघत तो वॉर्डात बसला होता, तेव्हा. दाबायचं, सोडायचं, खड्डा भरेपर्यंत मोजायचं. तो मोजायला लागला. वीसपर्यंत गेला, तिशी ओलांडली. खड्डा होता तसाच होता.

जुळवून ठेवलेलं सगळं बाजूला राहिलं. "परक्या बाईला विचारावं लागलं," एवढंच म्हणाले.

"हो," तो म्हणाला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कपाटाकडे बघत होती. सहा डबे उरले होते.

तीन मजले त्याने मला दर पायरीला थांबवत खाली नेलं. इस्पितळात दाखल करून घेणारी नर्स तरुण होती, माझ्यासारखीच घाईत. नाव, वय, औषधं, सगळी उत्तरं मीच दिली. मग तिने मान वर न करता वजन विचारलं. मी तोंड उघडलं.

"चौसष्ट पॉइंट दोन," मुलगा म्हणाला. तक्ता त्याच्या खिशातच होता. "सोमवारी एकसष्ट पॉइंट चार होतं."